बापानं न घेतलेलं सोंग

"हिचा बाप आमच्या ओट्यापुढं कान धरून उठाबशा काढायचा. काय हसायचो आम्ही! पोरी, दाखव ना एकदा करून."

माईक पाटलांच्या हातात होता. जालन्यातलं नाट्यगृह भरलं होतं. माझ्या नव्या एकपात्री विनोदी कार्यक्रमाचा पहिला प्रयोग नुकताच संपला होता, आणि सत्कार करायला म्हणून पाटलांना स्टेजवर बोलावलं होतं. त्यांनी घातलेली शाल माझ्या खांद्यावर होती.

आणि मी काढल्या.

कुणी बळजबरी केली नव्हती. दीड तास मी एकटीनं ते सभागृह हसवलं होतं. पण त्यांनी म्हटलं आणि माझे हात आपोआप कानाकडं गेले. पाच उठाबशा. शाल घसरून पायात आली. टाळ्या, शिट्ट्या. मीही हसले. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

आम्ही बहुरूपी. माझा बाप खाकी घालून, कमरेला लाकडी पिस्तूल लटकवून भोकरदनकडची गावं फिरायचा. खोटा फौजदार. दुकानदाराला दम भरायचा, "जल्दी चल ठाण्यात, तुझ्या तराजूवर वारंट निघालंय." मास्तरांना म्हणायचा, "वर्गात घोरता म्हणून पोरांची तक्रार हाये." लोक पोट धरून हसायचे आणि झोळीत ज्वारी घालायचे. बहुरूप्याच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, असा रिवाज. सरपंचापासून न्हाव्यापर्यंत सगळे तो पाळायचे. फक्त एका ओट्यापाशी तो रिवाज थांबायचा.

केदारखेड्याच्या पलीकडं एक गाव आहे, तिथला हा ओटा. तिथं गेलं की बाप टोपी काढायचा. "मालक, मी खोटा फौजदार. मलाच अटक करा," म्हणायचा आणि कान धरायचा. पाटील ओट्यावर बसून मोजायचे. कधी वीस, कधी पन्नास. मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. झोळी धरून बाजूला उभी होते. त्या दिवशी पन्नास सांगितल्या होत्या. एकतिसावी काढताना बाप खाली बसला तो उठेना. गुडघा धरून तसाच राहिला. पाटलांची पोरगी माझ्याच वर्गात होती, ती पायरीवर बसून खिदळत होती.

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. "ही कोण? पोरगी का? मंग राह्यलेल्या हिच्याकडून घे."

वीस राहिल्या होत्या. मी वीस काढल्या.

परत येताना बाप लंगडत होता. म्हणाला, "बराबर जमलं तुला." कौतुकानं म्हणाला. उठाबशांपेक्षा मला ते कौतुक जास्त लागलं.

त्यामुळं जालन्याच्या प्रयोगानंतर मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याचा फोन आला. भैय्या म्हणजे माझे प्रयोग लावणारा. जालन्यातच, मस्तगडात त्याचं कापडाचं दुकान, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर. नाटकाचं वेड, माणूस सरळ.

"दीदी, तुमचा उठाबशांचा व्हिडिओ जोरात चालून राह्यला. भोकरदनच्या प्रयोगात शेवटी तेच टाका. पाटील पहिल्या रांगेत राहणारच हायेत."

मी 'बघते' म्हटलं. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं नाही. फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले. चहा उतू गेला. बसवेना, झोपवेना. चार दिवस मी नुसती फिरत होते. मस्तगडच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. ओळखीचे लोक थांबवून म्हणायचे, "बघितला व्हिडिओ. हसून हसून मेलो. तुमच्या रक्तातच हाये ते."

पाचव्या दिवशी माझ्याच प्रयोगाचं रेकॉर्डिंग लावून बसले. विनोद माझ्या काळ्या रंगावर. आमच्या गळक्या पालावर. आईच्या फाटक्या लुगड्यावर. बापाच्या खाकीवर तर पंधरा मिनिटं. पाटलांवर एकही नाही. शोधला, एकही सापडला नाही. मी मोठी शहाणी, मी कलावंत, मी नवं काहीतरी करतेय म्हणून मिरवत होते. केलं काय होतं? तोच ओटा जालन्यात आणून त्यावर दिवे सोडले होते. पाटलांनी सांगण्याआधीच दीड तास मी कान धरून उभी होते.

बाप माझ्याजवळच राहतो. भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होता. मी विचारलं, "आबा, तुम्ही फौजदार झाले, तहसीलदार झाले, शंकर झाले, मारुती झाले. पाटील कामून न्हाई झाले?"

"गप. तसलं सोंग नसतंय."

"कामून नसतंय?"

त्यानं तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "देवाचं सोंग घेतलं तर देव चालवून घेतो. पाटील चालवून घेत न्हाई."

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं लोक म्हणतात. आमच्या घराला आणखी एक आणता येत नव्हतं.

मी त्याच दिवशी आरशासमोर खुर्ची टाकली. मला काही नव्यानं शिकायचं नव्हतं. लहानपणभर मी त्या माणसाला पायरीखालून बघितलं होतं. बोलायच्या आधी तो घसा खाकरतो आणि समोरच्याला ताटकळत ठेवतो. तोंडाकडं बघत नाही, डोक्यावरून बघतो. ज्वारी टाकताना हात झोळीपासून वीतभर वर धरतो. सगळं मला पाठ होतं.

भोकरदनचा प्रयोग संध्याकाळी सहाचा. शेवट आला तसा भैय्या विंगेतून स्वतःचे कान धरून मला खूण करत होता. मी खुर्ची मधोमध ओढली. बसले. घसा खाकरला. गप्प राहिले.

मागच्या रांगांतून हसू फुटलं. न सांगता ओळखलं त्यांनी. मी लोकांच्या डोक्यांवरून बघितलं आणि म्हणाले, "ही कोण? पोरगी का? मंग राह्यलेल्या हिच्याकडून घे."

आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन. सावकाश, त्याच्याच आवाजात. पाचापर्यंत लोक हसत होते. दहाला हसू विरलं. पंधराला कुणी खोकतही नव्हतं.

पाटील उठला. "बंद कर हे!"

मी सोंगातून बाहेर आले नाही. "बस खाली. अजून राह्यल्या हायेत."

तो निघून गेला. त्याच्यामागं दोन रांगा उठल्या. बाकीचे बसून राहिले. मी वीसपर्यंत मोजलं. टाळ्या पडल्या, पण थोड्या. बरेच लोक मान खाली घालून बाहेर पडले.

पुढचे प्रयोग भैय्यानं रद्द केले. "दीदी, माझं दुकान त्याच लोकांवर चालतं. समजून घ्या." मी समजून घेतलं, पण माफी मागितली नाही. मोबाईलवर लोकांनी माझी जात काढली, बापाची लायकी काढली. बाप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "आता त्या गावात आपल्याला पाय ठेवता येणार न्हाई." सत्तरीतला माणूस, अजून घाबरतो.

काल मी त्याच गावात गेले. ओट्यासमोरचं पटांगण ग्रामपंचायतीचं आहे, पाटलाचं नाही. तिथं प्रयोग करायचा अर्ज दिला. ग्रामसेवकानं दोनदा वाचला.

"ताई, पाटलाला विचारलं का?"

"न्हाई."

"मंग आधी विचारून या."

"कुणाला विचारणार न्हाई. अर्जाची पोच द्या."

तो बाहेर गेला, कुणालातरी फोन करून आला. मी जागची हलले नाही. शेवटी त्यानं शिक्का मारला.

उद्या नाही म्हणतील. पुन्हा अर्ज देईन. प्रयोग तिथंच होणार, दिवसाउजेडी, सगळ्या गावापुढं. हसू येवो न येवो. लोकांना हसवायला म्हणून माझ्या माणसांना मी पुन्हा वाकवणार नाही.