उंबराखालचा डोह

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी लातुरात शाळामास्तर, बायको नांदेडकडच्या उमरीची. मला फोटो काढायचा नाद. लहानपणी मामांबरोबर पाहिलेल्या एका दरीचं ती फार कौतुक करायची. वर काळ्या खडकात डोह, त्यावर वाकलेला उंबर. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ होता. "तो डोह आटत नसतो," असं तिनं छातीठोकपणे सांगितलं, म्हणून मित्राचा कॅमेरा आणि नवं रीळ घेऊन एका रविवारी आम्ही निघालो.

एस्टीनं फाट्यावर सोडलं. पुढं वाट होती, पण तिच्या आठवणीतली नव्हती. चालून चालून दोनदा त्याच पळसापाशी परत आलो.

"हीच का दरी?" मी विचारलं.

"असेल. तेव्हा सगळं हिरवं होतं हो."

वर पोचलो. काळा खडक होता, उंबर होता, आणि डोहाच्या जागी भेगा पडलेला गाळ. ती त्या गाळात जाऊन उभी राहिली. "ही नाहीच ती जागा," म्हणाली. थोड्या वेळानं, "आहे बहुतेक."

खडकाच्या आडोशाला चार-पाच बायका एका झिऱ्याभोवती बसल्या होत्या. झिरपलेलं पाणी वाटीनं घागरीत भरत होत्या. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून एक म्हातारी उठली.

"नव्या जिल्ह्याचं साहेब हाव का तुमी?"

"नाही मावशी, मी शिक्षक. फिरायला आलोय."

"फिराया? हितं?" तिनं बाकीच्यांकडं पाहिलं. "न्हाई सांगायचं तर न्हाई सांगा. पन ह्या वाटीचा फोटू काढा. साहेबाला दावा."

मी पुन्हा समजावून सांगितलं. तिला ते पटेना, आणि फिरायला का आलो हे हळूहळू मलाही सांगता येईना. "काढा हो," बायको म्हणाली. सगळं रीळ तिथंच संपलं. निघताना म्हातारीनं वाटीभर पाणी पुढं केलं. प्यावं की नको, मला कळेना. बायको प्याली.

फोटो धुऊन आल्यावर मी ते लातुरातल्या एका कचेरीत नेले. कारकुनानं उलटसुलट करून पाहिले.

"हा डोंगर आपल्याकडं येतो की नांदेडात?"

मला माहीत नव्हतं. त्यानं नकाशा उघडला, दोन ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाला, "ठेवून जा."

दोन महिन्यांनी फोटोंच्या दुसऱ्या प्रती काढून त्या बायकांना द्यायला आम्ही पुन्हा गेलो. त्यांच्या वस्तीवर टँकर उभा होता. म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या फोटूनं आलं बघा पानी."

मी बाजूला जाऊन ड्रायव्हरला विचारलं, टँकर कुठून येतो?

"नांदेडकडून. पहिल्यापासून येतोय की, मधी बंद पडला होता."

परत येऊन म्हातारीला खरं सांगायला तोंड उघडलं, पण काय खरं तेच मला माहीत नव्हतं. तिनं पदराखालून भुईमुगाच्या शेंगा काढून बायकोच्या ओटीत घातल्या. आम्ही त्या घेतल्या.