प्रुदेन्सियाची पाटी

सुक्रे शहरातल्या बाजारात माझं अंड्यांचं दुकान प्रुदेन्सियाच्या रसाच्या गाळ्याला लागून आहे. त्यामुळे तिची बडबड मला फुकटात ऐकायला मिळते. तिच्या गाळ्यावर एक पाटी आहे, तिच्या नवऱ्याने, अन्सेल्मोने, स्वतःच्या हाताने रंगवलेली. बीट रक्तासाठी, गाजर डोळ्यांसाठी, पपई पोटासाठी, संत्रं सर्दीला. अन्सेल्मो गेला, पाटी राहिली. सकाळी आल्यावर बाई आधी पाटी पुसते आणि मग फळांना हात लावते.

खेड्यातून आली तेव्हा ही नुसती काडी होती. उभ्या उभ्या चक्कर यायची. गाळ्याच्या जुन्या मालकिणीने तिला रोज बीट, गाजर आणि संत्र्याचा पेलाभर रस पाजला, दुपारी पोटभर जेवू घातलं, आणि पोरगी धडधाकट झाली. त्यात जेवणाचा वाटा मोठा असं मी म्हणते, ती म्हणते रसाचा. या वादात मी आजवर जिंकलेली नाही. साठी उलटली तरी बाईने अंथरूण धरलेलं मी पाहिलं नाही, हेही खरंच.

आमची ओळ रसवाल्यांची, समोरच्या ओळीत मटणवाल्या बसतात. त्यांची म्होरकी सेनोबिया. बाजाराच्या सणाला दोन्ही ओळींच्या बायका घागरे नेसून, डोक्यावर टोप्या घालूनच फुटबॉल खेळतात आणि रसवाल्या दरवर्षी सपाटून मार खातात. यंदा सणाच्या आधी सेनोबिया सुरी पुसत पुसत गाळ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय गं प्रुदेन्सिया, तुझ्या त्या रंगीत पाण्याने ताकद येते ना? मग दरवर्षी धूळ कशी चाटता गं तुम्ही?"

"पाणी कुणाला म्हणतेस? तोंड सांभाळ हं!"

"मग लाव पैज. हरलात तर ही पाटी खाली. बरोबरी झाली तरी खाली."

मी प्रुदेन्सियाला कोपराने ढोसलं, पण बाई पेटली होती.

"लावली! आणि तुम्ही हरलात तर तुमची अख्खी ओळ महिनाभर रोज सकाळी इथे उभी राहून बीटचा रस पिणार. सगळ्या बाजारासमोर!"

"पिऊ की! आधी जिंकून तर दाखव, म्हातारे!" असं म्हणून सेनोबिया हसत सुटली.

मला मात्र रडू यायचं बाकी होतं. अन्सेल्मोच्या हातचं तेवढंच काय ते उरलं होतं, आणि ते हिने पैजेवर लावलं.

सणाच्या दिवशी गोल राखायला प्रुदेन्सिया स्वतः उभी राहिली. मध्यंतरापर्यंत आमच्या बायकांनी दोन गोल खाल्ले होते, केला एकही नव्हता. उन्हाने सगळ्यांचे जीव कासावीस झाले. प्रुदेन्सियाने आपल्या बायकांना पेला पेला रस दिला. मग तिने पलीकडे पाहिलं. मटणवाल्या जमिनीवर बसून धापा टाकत होत्या. बाईने रसाचा जग उचलला आणि चालू लागली.

"अगं ए! शत्रूला पाजतेस?" मी ओरडले.

"तहानल्यात गं त्या. तू अंडी सांभाळ."

पेला रिकामा झाला की रसवाली त्यात वरून यापा, म्हणजे आणखी थोडा रस, ओततेच. तो फुकटचा, आणि आलेला यापा नाकारायचा नाही ही आमच्याकडची रीत. मटणवाल्यांनी पेला संपवला, प्रुदेन्सियाने यापा ओतला. तो संपला, पण जगात रस होताच, म्हणून आणखी ओतला. यात कावा नव्हता. जगात रस असेपर्यंत त्या बाईचा हात थांबत नाही, एवढंच.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि मटणवाल्यांची पोटं डुचमळायला लागली. धावायला गेल्या की कंबर धरून थांबायच्या. आमच्या बायकांनी एकामागून एक तीन गोल ठोकले! मी टोपी हवेत उडवली. पण अगदी शेवटी आमच्यातल्या एकीचा हात चेंडूला लागला आणि त्यांना पेनल्टी मिळाली. हा गोल झाला की बरोबरी, आणि बरोबरी झाली की पाटी खाली.

मारायला सेनोबिया आली.

"गाजर प्यालीस ना? मग दिसतो का बघ चेंडू!"

प्रुदेन्सियाने टोपी काढून बाजूला ठेवली. सेनोबियाने जीव खाऊन लाथ मारली. चेंडू सरळ आला, आणि जन्मभर संत्री पिळलेल्या त्या दोन हातांनी तो असा पकडला की आता त्यातून रसच निघेल. मी ढसाढसा रडले. लाज कसली त्यात?

"पोटं फुगवून जिंकलात!" सेनोबिया फणफणली.

"नाही म्हणायचं होतंस यापाला," प्रुदेन्सिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मटणवाल्यांची ओळ गाळ्यासमोर उभी होती. अर्धा बाजार बघायला लोटला होता. सेनोबियाने नाक मुरडत बीटचा पेला संपवला आणि खाली ठेवायच्या आत यापा येऊन पडला. तोही तिने मुकाट्याने प्यायला. मग ओठ पुसून तिने पाटीकडे बोट दाखवलं.

"'संत्रं सर्दीला'च्या पुढे जागा आहे बघ," ती म्हणाली. "लिहून टाक तिथे."

"काय लिहू?"

"पेनल्टीला."

त्या पाटीला प्रुदेन्सियाने आजवर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. त्याच दुपारी तिने रंगाचा डबा आणला आणि ब्रश सेनोबियाच्या हातात दिला.