चार बोटं खिडकी

बाळांनो, काल फोनवर तुम्ही भिंतीवरचं बटण फिरवून घर गरम करून दाखवलंत, तेव्हापासून मला लष्कर शहरातल्या घरातली आमची कोळशाची सिगडी आठवते आहे. धग वाढवायला पंख्याने वारा घालायचा, कमी करायला निखाऱ्यांवर राख ओढायची. खिडकी मात्र चार बोटं उघडी हवी, हा आईचा नियम.

मी लहान असताना एका हिवाळ्यात आमच्या राज्याची राजधानी लष्करहून भोपाळला जाणार म्हणून जो तो सरकारी नोकर दुसऱ्याच्या बदलीचा कानोसा घेत होता. एका संध्याकाळी बाबा बदलीचा हुकूम घेऊन आले आणि त्यांनी आधी खिडकी लावली.

"अहो, सिगडी पेटली आहे."

"आणि शेजारचे कान? ते आपल्याआधी सामान बांधतील!"

आई हसली. खोलीतली ऊब गोड वाटत होती. बोलता बोलता बाबांची जीभ जड झाली, माझं डोकं ठणकू लागलं आणि आईची मान कलंडली.

"हिला बातमीचा धक्का बसला," म्हणत बाबांनी सिगडी तिच्याजवळ सरकवली.

मला मळमळत होतं, म्हणून मी खिडकी ढकलून उघडली. गार वारा आत आला आणि आईने हळूहळू डोळे उघडले.

तेव्हा मला भोपाळची भीती वाटली होती. आज त्या बंद खिडकीची वाटते. सिगडी केव्हाच गेली. थंडीत माझी खिडकी अजून चार बोटं उघडी असते.