यांचं राहिलेलं व्याख्यान

परवा सासरी, रिठदला, यांचं वर्षश्राद्ध झालं. पंगती उठल्या, पाहुणे पांगले... आणि यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, "वहिनी, सरांचं शेवटचं व्याख्यान तुमीच दिलं न?" हो म्हटलं. पुढे बोलवेना, म्हणून आज सांगते.

हे वाशीमला शाळेत इंग्रजी शिकवायचे. नागपूरला शिकताना यांना पाश्चात्त्य नाटकांचं वेड लागलं, ते परत आल्यावरही सुटलं नाही. जर्मनीशी लढाई चालू होती, रॉकेल कार्डावर, कापडासाठी रांगा... आणि आमचे हे रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये नाटकावर बोलायचे. पार ग्रीकांपासून अमेरिकेतल्या आजच्या संगीत नाटकांपर्यंत, क्रमाने.

आधी मला घरी ऐकवायचे. मी ज्वारी निवडत बसायचे आणि हे खोलीत येरझाऱ्या घालत बोलायचे. ग्रीक लोक डोंगराच्या उतारावर बसून नाटक बघायचे, हे सांगताना म्हणायचे, "आपल्या तलावाच्या पायऱ्या आहेत न, तशा. अन् खाली मधात मुखवटे घातलेले नट." नटांसोबत गाणारा घोळका म्हणजे आपल्या गावच्या दंडारीच्या खेळातले झीलकरी, हेही यांचंच. मी चौथी शिकलेली... पण मला सगळं डोळ्यांपुढे दिसायचं.

रोम झालं. चर्चच्या पायऱ्यांवरची नाटकं झाली. इंग्लंड झालं, तिथली बायकांची कामं करणारी पोरं झाली. मग साध्या घरातल्या साध्या माणसांची नाटकं. संगीत नाटकांचं तेवढं एक व्याख्यान उरलं होतं, तेही मला घरी ऐकवून झालेलं.

तेव्हाच यांचा आवाज बसला. वाटलं, बोलून बोलून बसला असेल. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या... उतार पडेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी घसा तपासला आणि घशाचा क्षय सांगितला. बोलणं बंद. औषध काय, तर विश्रांती आणि मोकळी हवा.

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत राहिले. वाशीम स्टेशन आलं तरी उठेनात. मी हाताला धरून उतरवलं.

रिठदहून मामाजी, म्हणजे माझे सासरे, आम्हाला न्यायला आले. हे तयार झाले, पण पाटीवर लिहिलं, 'रविवार झाला की जाऊ.' आणि खाली, माझ्याकडे बोट करून, 'ही बोलेल.'

मामाजींना वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं.

"लोकं नावं ठेवतीन," मामाजी म्हणाले. "जमन का तुले?"

"मले नाही माहीत, मामाजी. पण यायले नाही कसं म्हणू?"

"मंग बोल. मी येतो संगं."

रविवारी हॉल भरला. व्याख्यान ऐकायला किती आले आणि मास्तरांची बायको बोलते ते बघायला किती, कोण जाणे. मी पदर घट्ट धरून उभी राहिले. पहिल्या बाकावर हे, शेजारी मामाजी.

आधी मागची उजळणी करायची, ही यांची पद्धत. ती केली. मग मी अमेरिकेवर आले... तिथल्या नाटकात बोलता बोलता माणूस गायला कसा लागतो, आणि गाणं संपेपर्यंत गोष्ट कशी पुढे गेलेली असते, ते सांगत होते. आणि मधेच सगळं पुसलं गेलं. पुढचा शब्द आठवेना.

मागून कोणीतरी हसलं.

तेव्हा हे उठले. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, लोकांकडे वळले आणि तोंड उघडलं... नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज नाही. तोपर्यंत मला वाटत होतं, हवापालट झाला की येईल आवाज. तिथे उभ्या उभ्या कळलं, की आता येत नाही. हॉललाही कळलं असावं.

पुढे बसलेले एक म्हातारे वकील हळूच म्हणाले, "बसा, मास्तर. बाईले सांगू द्या. आमाले काही घाई नाही."

हे बसले. मी पाणी प्यायले आणि आठवलं तिथून पुन्हा धरलं. यांच्या शब्दांत जमेना, मग आपल्या बोलीत सांगितलं. शेवटपर्यंत एकही माणूस उठून गेला नाही.

घरी आल्यावर यांनी पाटी मागितली. वाटलं, कौतुक लिहितील. लिहिलं, 'उजळणीत रोम राहिलं.' मला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं... यांनी पाटी बाजूला ठेवली आणि माझा हात धरून बसले.

रिठदला आल्यावर रोज संध्याकाळी यांना ते सगळं पहिल्यापासून ऐकायचं असायचं. मी सांगायचे, हे डोळे मिटून ऐकायचे. मी चुकले की बोट हलवायचे. पुढे पुढे बोटही हलेना.

त्या दिवशी सकाळपासूनच यांना धाप लागली होती. तरी मी विचारलं, सांगू का? यांनी मान हलवली. ग्रीस झालं, रोम झालं, चर्च झालं. मी इंग्लंडपर्यंत आले होते... मामाजी दाराशी उभे होते.

"थांब, सूनबाई," ते म्हणाले. "गेला तो."

मी थांबले नाही. यांच्याकडे बघत पार अमेरिकेपर्यंत सगळं सांगितलं. अर्धं सोडवेना. मामाजी उंबऱ्यावर बसले आणि ऐकत राहिले. माझं संपलं, तेव्हाच त्यांनी घरातल्यांना हाक मारली.

वर्षभरात पुष्कळांनी माझी समजूत घातली. दुःख काही कमी झालं नाही. पण मामाजींनी त्या दिवशी मला दुसऱ्यांदा थांब म्हटलं नाही... त्यांचं तेवढं मी जन्मभर विसरणार नाही.