आठवं शील आणि लाल खुर्ची

कामतघरच्या बुद्धविहारात हौसाबाईने बावीस वर्षं खुर्च्या मांडल्या, पुसल्या, उचलून परत दिल्या. बसली मात्र एकीवरही नाही. तिची जागा खाली सतरंजीवर, बायकांत. व्यासपीठ पुरुषांचं. पौर्णिमा कुठलीही असो, अध्यक्ष पुरुषच, आणि गेल्या चार खेपांना तर तिचा धाकटा दीर चिंधूच. तो मंडळाचा सेक्रेटरी, त्यामुळे अध्यक्ष ठरवायचा तोही त्यानेच.

हौसाबाई लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सुताच्या कांड्या भरायची. यंत्रांच्या खडखडाटावर मात करून बोलायची सवय, त्यामुळे हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. मंडळाच्या मीटिंगमध्ये ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. समतेची भाषणं ऐकायला बायका चालतात, मग करायला का चालत नाहीत, असा तिचा सवाल. त्याच क्षणी शेजारच्या कारखान्यातल्या लूम बंद पडल्या. पडल्या त्या लाइट गेल्यामुळे, पण श्रेय हिने घेतलं. आषाढी पौर्णिमेचं अध्यक्षपद तिला मिळालं.

ती २००४ सालची पौर्णिमा नेमकी शुक्रवारी आली. शुक्रवारी लूमना सुट्टी, म्हणजे गर्दी नक्की. हौसाबाईने मांडववाल्या महमूदभायला बजावून ठेवलं होतं की प्लास्टिकची खुर्ची चालणार नाही, लग्नात नवऱ्याला देता ती पाठवा. त्यानेही पाठवली. लाल मखमल, सोनेरी हात, खाली वाघाचे पंजे. सकाळी विहारात शिरताना हौसाबाई मुद्दाम तिच्यावरून पदर घासत गेली.

आत भंतेजी सांगत होते की पौर्णिमा हा उपोसथाचा दिवस. घरसंसारातली माणसंसुद्धा या दिवशी, उद्याचा सूर्य उगवेपर्यंत, पाचाऐवजी आठ शीलं पाळतात. कोण घेणार, असं त्यांनी विचारलं.

"वहिनी, तुमी नका पडू यात," चिंधू मागून म्हणाला. "तुम्हाला न्हाय झेपायचं."

झालं. हौसाबाईचा हात वर.

भंतेजींमागोमाग तिने आठही शीलं पालीत म्हटली, खणखणीत, अर्थ न विचारता. अर्थ भंतेजींनी नंतर सांगितला. पहिली पाच पाठच होती. सहावं, दुपारनंतर जेवायचं नाही. डबल शिफ्ट केलेल्या बाईला त्याचं काय? सातवं, नाचगाणं नाही, अत्तर नाही, हार नाही. हाराचं तिला थोडं लागलं. आठवं, उंच आणि ऐटबाज आसनावर बसायचं नाही.

हौसाबाईने दारातून वाघाच्या पंजांकडे पाहिलं. चिंधू आधीच तिकडे पाहत होता.

मग तो अगदी मऊ आवाजात सगळ्यांना म्हणाला की वहिनींच्या शीलाचा मान राखला पाहिजे. त्या खाली सतरंजीवर बसतील, अध्यक्षपद नाइलाजाने तो सांभाळेल. नाइलाजाने म्हणताना त्याने कॉलर सारखी केली.

एरवी हौसाबाईने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण चौथं शील वाणीचं, आणि ते घेऊन अजून दहा मिनिटंही झाली नव्हती. भंतेजी म्हणाले, शीलाची सक्ती नाही बाई, झेपत नसेल तर सोडा. झेपत नसेल! चिंधूसमोर! ती सरळ महमूदभायकडे गेली आणि खुर्चीचे पाय कापून मिळतील का विचारलं.

"बाय, या रविवारी हिच्यावर नवरा बसायचाय," महमूदभाय म्हणाला. "पाहिजे तर माझे काप."

चार वाजता मांडव भरला. प्रमुख पाहुणे केसरीनाथशेठ आले. मांडव उभा होता ती जमीन त्यांच्या मालकीची. पोट पुढे, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. चिंधू लाल खुर्चीला टेकून तयारच. तेवढ्यात हौसाबाई व्यासपीठावर चढली, कांड्यांचं रिकामं पोतं अंथरलं, मांडी घातली आणि माइक खाली ओढला.

"अध्यक्ष बसले," ती म्हणाली. "आता अध्यक्षांपेक्षा उंच कोणाला बसायचंय, त्याने हात वर करावा."

हात कोण वर करणार? केसरीनाथशेठना तिघांनी धरून व्यासपीठावरच खाली बसवलं. वाटेत त्यांनी आईबाप दोघांची आठवण काढली. चिंधूची कडक पँट मांडी घालू देईना, तो उकिडवा बसला. अध्यक्षांना हार घालायचा नाही म्हणून तो माइकला घातला. टेबलामुळे हौसाबाई कोणाला दिसेना, म्हणून लोक उठून बघू लागले. सभा उभी आणि व्यासपीठ जमिनीवर. शेवटी टेबलच काढलं.

"आजच्याच पौर्णिमेला सारनाथला तथागतांनी पाच जणांना पहिला उपदेश केला," हौसाबाई म्हणाली. "तिथं सोफा कोणी मांडला होता, चिंधूभावजी?"

चिंधू कॉलर सारखी करू लागला. बायकांनी मात्र टाळ्या अशा वाजवल्या की ताडपत्रीवर साचलेलं पाणी त्याच्या कॉलरवर आलं. हौसाबाई सव्वा तास बोलली. केसरीनाथशेठ मधूनच निघून गेले असते, पण त्यांना स्वतःहून उठता येत नव्हतं. संध्याकाळी तिने सगळ्यांना खीर वाढली, बोटसुद्धा चाटलं नाही.

शनिवारी सकाळी महमूदभाय खुर्ची न्यायला हातगाडी घेऊन आला. खुर्ची वर चढवली तेव्हा हौसाबाई चहाचा ग्लास घेऊन गाडीपाशीच उभी. सातची ड्युटी. आभाळ गच्च भरलेलं. नळावर बायकांची रांग आणि रांगेपाशी चिंधू, तोंडात ब्रश.

"भावजी, सूर्य उगवला का? नीट बघून सांगा. सेक्रेटरी हाय तुमी."

चिंधूने ढगांकडे पाहिलं. नाही म्हणायचा मोह त्याला झाला असावा. मग त्याने रांगेकडे पाहिलं. रांग त्याच्याकडेच पाहत होती.

"उगवला, वहिनी," तो फेसातून म्हणाला.

हौसाबाई गाडीवर चढली, लाल खुर्चीत बसली, पाठ टेकली, चहाचा घोट घेतला.

"चला महमूदभाय. लूमच्या दारात सोडा. आणि खड्डे बघून."

कामतघरात खड्डे बघून चालायचं तर चालायलाच नको. हौसाबाई सोनेरी हात घट्ट धरून लूमच्या दारापर्यंत हिंदकळत गेली. वाटेत एकदाही उतरली नाही.