जरा मागे सरका, पान दिसेल

हसणार नसाल तर सांगते. छे, तुम्ही हसणारच! निदान हातातला चहा तरी आधी संपवा. माझ्या मूर्खपणापायी भिवंडीतली एक अख्खी वस्ती रस्त्यावर आली होती हो! खरोखरच, खुर्च्यांसकट!

झालं काय, माझ्या बाबांचा अख्खा जन्म कापडाच्या लूमवर गेला. काम सुटल्यावर त्यांनी निळं बॉलपेन घेतलं आणि पिंपळ काढायला बसले. भला मोठा ड्रॉइंग पेपर, त्यावर एकेक पान आणि पानातली एकेक शीर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी हात थांबत नव्हता. मी शेजारी बसून बघायची, आणि बघता बघता मला ती पानं हलताना दिसायची. दुपारी लाइट गेली की गल्लीतले लूम एकदम गप्प होतात ना, तेव्हा तर सळसळसुद्धा ऐकू यायची!

मी दिवसा गोदामात बिलिंगला, मनानं मात्र कायम ढगात. नुकतीच अ‍ॅनिमेशन शिकायला लागले होते. म्हटलं, "बाबा, बुद्धपौर्णिमेला विहारासमोर मोठा स्क्रीन लागणार आहे. त्यावर तुमच्या पिंपळाचं पान खाली आणते. तरंगत, तरंगत, अगदी तुमच्यासमोर!"

"शिरा दिसतील ना गं?" बाबांनी एवढंच विचारलं. "कागदावर आता माझ्याच रेघा मला दिसत न्हाईत. मोठ्यावर तरी बघीन."

"अहो, एकेक शीर दिसेल!"

आता माझा पराक्रम ऐका. मोबाइलवर चित्राचा फोटो काढला. सॉफ्टवेअरमध्ये घेतला तर तो मावेना! मग काय, कोपरा धरून दाबला, आणखी दाबला, पार नखाएवढा केला आणि सेव्ह करून टाकला. मूळ फोटो? जागा अडवतो म्हणून डिलीट! पुढे पान जवळ येतं त्या सीनसाठी तोच नखाएवढा तुकडा ओढून ओढून खिडकीएवढा केला.

चित्र एकदा बारीक करून सेव्ह केलं की त्यातले बारकावे गेले, मग कितीही ताणलं तरी ते परत येत नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की! क्लासचे सर घसा फोडून सांगत होते. मी तेव्हा पानाबरोबर तरंगत होते.

त्यात माझा लॅपटॉप म्हातारा, म्हणून सगळं काम बघितलं ते काडेपेटीएवढ्या चौकटीत. तिथं इतकं सुंदर दिसायचं म्हणून सांगू!

पौर्णिमेची संध्याकाळ. सगळे पांढऱ्या कपड्यांत, चंद्र नुकता वर आलेला. बाबा पहिल्या रांगेत. स्क्रीनवर फांदीवरून पान सुटलं. पान तरंगत आलं, मोठं झालं, आणखी मोठं झालं... आणि त्याचे चौकोन झाले! निळे-पांढरे, ठसठशीत चौकोन!

मागून लूमवाले रफीकचाचा ओरडले, "अरे बेटी, ये तो लुंगी का डिज़ाइन है! एकदम फिट!"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुन्हा काढला. "डोळेच गेले वाटतं गं माझे," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात पार गेटजवळून शेजारच्या कांताकाकूंची हाक आली, "अगं, हितून मस्त दिसतंय! मागं या!"

मी धावत गेले. खरंच की! लांबून ते चौकोन एकमेकांत विरघळत होते आणि पान पानासारखं दिसत होतं. मग मला कसलं भान? घेतला माइक!

"सगळ्यांनी जरा मागे सरका!"

लोक खुर्च्या घेऊन सरकले.

"अजून थोडं!"

गेट आलं.

"अजून!"

रस्ता आला! एका टेम्पोनं कचकन ब्रेक मारला. "ओ दीदी, रोड पे क्या शादी है?" म्हणत ड्रायव्हर खाली उतरला, आणि तोही वर बघत उभा राहिला. चांदण्यात अख्खी वस्ती रस्त्यावर, कुणाच्या हातात खुर्ची, कुणाच्या कडेवर पोर, आणि समोर ते पान हलकेच खाली येतंय. काय सांगू, मला स्वप्नात दिसायचं ना, अगदी तसंच! मी डोळे मिटून घेतले.

उघडले तर बाबा कुठंच नाहीत. सगळे मागे आले आणि ते एकटे पुढे गेले होते. स्क्रीनला नाक लावून एका निळ्या चौकोनात बोटानं काहीतरी शोधत होते.

मी जवळ गेले. "कुठं गेल्या गं शिरा?" ते म्हणाले. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. खूप रडू आलं.

दुसऱ्याच दिवशी कागद गुंडाळून छपाईच्या दुकानात गेले. मोठ्यात मोठं स्कॅन करून घेतलं. या वेळी चित्राला हात लावला नाही, सॉफ्टवेअरमधली चौकटच मोठी केली. घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. शिरा अशा लख्ख, की पेन कुठं अडखळलं तेही कळावं!

"बाबा, या लवकर! या वेळी खरंच एकेक शीर दिसतेय!"

बाबा आतून आले. टीव्हीकडे बघितलंही नाही. सरळ दाराशी जाऊन पायात चपला सरकवल्या.

"अहो, निघालात कुठं?"

"पार खाडीवर, कशेळीच्या पुलावर," बाबा म्हणाले. "तुझं काम हाय ना? तिथून नीट दिसंल."