नेमणुकीच्या आधी लावलेला फ्लेक्स

माझा धाकटा भाऊ आखातात नोकरीला आहे. तिथंच त्यानं लग्न केलं, फिलिपिन्सच्या मुलीशी. ती तिथल्या एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवायची. लग्न झालं, शाळेचं कंत्राट संपलं आणि नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईला पुन्हा कुठं काम मिळेना. सहा वर्षं ती एका फ्लॅटमध्ये बसून होती. मग कंपनीनं भावाला दूर वाळवंटातल्या प्रकल्पावर पाठवलं. तिथं बायकोला नेता येत नाही. म्हणून माझी भावजय दीड वर्षासाठी नांदेडला माझ्याकडं आली.

येताना तिच्याकडं दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, दुसरीत बूट, शिट्टी आणि हवा काढलेला चेंडू. आल्या आल्या पहिल्याच दिवशी तिनं मला सांगून टाकलं, "ताई, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत काम मिळालं तर राहीन. नाहीतर मी आईकडं जाईन. तिकडची शाळा मला घ्यायला तयार आहे. आता नुसतं बसणं होत नाही." हे सगळं हिंदी, इंग्रजी आणि भावानं शिकवलेलं थोडं मराठी असं मिळून होतं, पण मला नीट कळलं. भारतीयाची बायको म्हणून तिच्याकडं ओसीआय कार्ड होतं, त्यावर इथं नोकरी चालते. म्हणजे अडचण कागदाची नव्हती.

तेव्हा जानेवारी होता आणि मला वाटलं होतं, गेली तर गेली. मी जिल्हा परिषदेत नोकरी करते, लग्न केलं नाही, आईवडील गेल्यापासून एकटी राहते. मला कुणाची अडचण नको होती. पण फेब्रुवारी संपेपर्यंत ती माझ्या डब्यात रोज भाताबरोबर सुकट भाजून द्यायला लागली, गच्चीवर चेंडू आपटून आपटून खालच्या बिऱ्हाडाशी माझं भांडण लावून मोकळी झाली, आणि संध्याकाळी मी ऑफिसातून यायच्या वेळी फाटकात उभी राहायला लागली. मला फाटकात वाट बघणारं माणूस हवं होतं, हे मला पन्नाशीत कळलं. मग मात्र मी पदर खोचला. म्हटलं, हिला काम मिळवून देते म्हणजे देतेच.

नांदेडमधली एक शाळा सोडली नाही. माझ्या स्कूटीवर मागं ती, तिच्या मांडीवर चेंडू. एका ठिकाणी म्हणाले, खेळाचं राहू द्या, स्पोकन इंग्लिश घ्या. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, ॲडमिशनच्या दिवसांत फक्त गेटवर उभ्या राहा, फॉरेनची मॅडम आहे म्हणून पालक खूष होतील. तिसऱ्या शाळेतल्या बाईंनी तिचे नाक-डोळे न्याहाळत मलाच विचारलं, "नेपाळची हाय का मणिपूरची?" मी आमच्या गावाचं नाव सांगितलं, "हिमायतनगरची हाय. आमच्या घरची सून हाय." बाईंनी चहा पाजला, पण काम काही दिलं नाही. भावजय बाहेर येऊन पोट धरून हसली. मला हसू येत नव्हतं. एप्रिल लागला होता.

मग लातूरच्या एका निवासी मुलींच्या शाळेचा पत्ता लागला. लातूरला पोरी डॉक्टर व्हायला येतात, पहाटेपासून पुस्तकात डोकं खुपसून बसतात. तिथं बास्केटबॉल कोण खेळू देणार, असं मला वाटलं. पण त्यांच्याकडं चक्क मैदान होतं. दोन्ही टोकांना रिंगा, आणि मधे शिक्षकांच्या स्कूटरी लावलेल्या. भावजयीनं संस्थेच्या अध्यक्षांसमोरच शिट्टी वाजवली आणि सगळ्या स्कूटरी हलवायला लावल्या. कुणाचं हँडल लॉक होतं, ती गाडी चौघांनी उचलून बाजूला ठेवली. म्हटलं, इथलंही काम गेलं.

नंतर मात्र मी बघतच राहिले. सलवार-कमीज घातलेल्या, दोन वेण्या बांधलेल्या बावीस पोरी. पहिला अर्धा तास तिनं चेंडूला हातच लावू दिला नाही. नुसतं पळायचं, थांबायचं, वळायचं. माझ्या खांद्याएवढी ही बाई त्यांच्या पुढं उलटी पळत होती आणि ओरडत होती, "गुडघे वाकव! अगं, लाजून काय राहिली!" हे वाक्य तिनं माझ्याकडून उचललं होतं. शेवटी चेंडू दिला, आणि एका लाजऱ्या पोरीनं टाकलेला चेंडू रिंगेतून खाली आला तेव्हा ती पोर अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरच्या वर्गातल्या मुली खिडकीत आल्या. आपल्याला शाळेत असं कुणी का पळवलं नाही, असं मला वाटून गेलं.

अध्यक्षसाहेब साठीचे, पांढरेशुभ्र कपडे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "चांगलं आहे. बघू. कळवतो."

आता चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला कळतं की "बघू, कळवतो" याचा अर्थ काहीही होऊ शकतो. पण मला त्या दिवशी फक्त "चांगलं आहे" ऐकू आलं. बसमध्ये मी कंडक्टरला सांगितलं, कॉलनीत आल्यावर किराणावाल्याला सांगितलं, सकाळी दूधवाल्याला सांगितलं. दूधवाले म्हणाले, "मग फ्लेक्स लावा की मॅडम! मी बी फोटो देतो." आमच्याकडं कुणी पोलिसात लागलं, कुणी ग्रामपंचायतीला निवडून आलं, कुणाचा वाढदिवस आला, की चौकात फ्लेक्स लागतो. मी आयुष्यभर त्या फ्लेक्सना नावं ठेवत आले. त्या दिवशी भावजयीला न सांगता ऑफिस सुटल्यावर मी थेट फ्लेक्सवाल्याकडं गेले.

दहा बाय सहाचा. वर भलीमोठी अक्षरं, "बास्केटबॉल प्रशिक्षकपदी नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". शाळेचं नावही टाकलं. मधे ती, एका बाजूला विमान, दुसऱ्या बाजूला दोन देशांचे झेंडे. खाली शुभेच्छुक म्हणून चौदा फोटो. माझा सगळ्यात मोठा, गॉगल घातलेला.

चौकात लावल्यावर तिला नेऊन दाखवला, वरची ओळ वाचूनही दाखवली. ती म्हणाली, "ताई, आमचा झेंडा उलटा हाय. लाल वर आला की युद्ध सुरू झालं असा अर्थ हाय." मग तिनं विचारलं, "पण नियुक्ती कुठं झाली?"

मी म्हटलं, होईलच की.

चौथ्या दिवशी लातूरहून फोन आला. अध्यक्षसाहेबांचा आवाज थंडगार होता. "मॅडम, तुमचा फ्लेक्स पाहिला. उद्या येऊन भेटा." दूधवाल्यांनी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता, आणि दूधवाल्यांच्या बहिणीचं सासर लातूरला आहे. मराठवाड्यात कुठलीही गोष्ट कुणाच्या तरी बहिणीच्या सासरी पोचतेच.

मी रडायच्या बेतात होते. जेवणाच्या ताटावर तिला सांगितलं, "मी तुझं काम घालवलं. मला अक्कल नाही." ती म्हणाली, "हाव, अक्कल नाही." आणि माझ्या ताटात भात वाढत, "मी पण येते उद्या."

सकाळच्या बसनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर आलं, आणि मी सगळी वाट मनात माफी जुळवत होते. साहेब, उत्साहाच्या भरात झालं. साहेब, तिची काही चूक नाही. अहमदपूरच्या स्टँडवर तिनं आणलेला चहा मी तिलाच परत दिला.

अध्यक्षसाहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं, मोबाइल काढला आणि फ्लेक्सचा फोटो बोटांनी मोठा केला. "हे कोण?"

"दूधवाले," मी म्हटलं.

"आणि हे?"

"कॉलनीतले किराणावाले."

"हे टोपीवाले?"

"त्यांचा फोटो फ्लेक्सवाल्यानं चुकून टाकला, साहेब. आम्ही ओळखत नाही."

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "दूधवाल्याचा फोटो आहे. किराणावाल्याचा आहे. ओळखीचा नाही त्याचासुद्धा आहे. मॅडम, संस्था आमची, नोकरी आम्ही देऊन राहिलो, आणि अध्यक्षाचा फोटो कुठंय?"

मला दोन क्षण काही कळेना. मग कळलं, आणि मी इतकी हसले असते की काम खरंच गेलं असतं. ओठ दाताखाली दाबून म्हटलं, "चूक झाली, साहेब. वर मधोमध टाकायला पाहिजे होता."

"मग?"

"दुसरा लावते. लातूरलाच लावते."

भावजय इतका वेळ आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. ती म्हणाली, "सर, फोटो मोठा टाका. पण खाली दूधवाले नको. पोरींचे फोटो पाहिजे, बावीसच्या बावीस. आणि मैदान रोज रिकामं पाहिजे." अध्यक्षसाहेबांनी खणातून एक पाकीट काढलं. आदेश टाइप होऊन दोन दिवस झाले होते. रुसवा निघेपर्यंत दाबून ठेवला होता, एवढंच.

तिनं पाकीट उघडलं नाही, माझ्या हातात दिलं. मी बाहेर येऊन व्हरांड्यात मोठ्यानं वाचायला लागले. इतका आनंद झाला होता मला. पद, पगार, रुजू व्हायची तारीख. आणि पुढं, सराव पहाटे पाच वाजता असल्यामुळे प्रशिक्षकांनी वसतिगृहाच्या आवारातल्या खोलीत राहणं बंधनकारक राहील.

नांदेड-लातूर अंतर मला ठाऊक नव्हतं असं नाही. दोन महिने मी तिला काम मिळवून द्यायच्या मागं होते, आणि काम मिळाल्यावर ती राहणार कुठं, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. ती घरी राहावी म्हणून तर हे सगळं चाललं होतं.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "ताई, गप का?" मी सरळ सांगून टाकलं. म्हटलं, "तू घरी हवी होतीस मला."

तिनं पाकीट माझ्या मांडीवरून उचललं, आपल्या हातात धरलं. "मग नको म्हणू का?" ती मनापासून विचारत होती. मी हो म्हटलं असतं तर तिनं ते परत केलं असतं, आणि सोमवारपासून फाटकात उभी राहिली असती. मी हो म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. मग मला ती त्या बावीस पोरींपुढं उलटी पळताना दिसली. मी म्हटलं, "नवऱ्याला फोन लाव आधी. त्याला सांग."

तिनं लावला. वाळवंटात रेंज येत-जात होती, म्हणून ती उभी राहून ओरडायला लागली, तिच्या भाषेत, मधेच हिंदीत, मधेच आमच्या मराठीत, "मिळालं! काम मिळालं मला!" सगळी बस मागं वळून बघायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या मावशींनी मला विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "माझी भावजय हाय. तिला नोकरी लागली, लातूरला."

"मग लई चांगलं झालं की. तुम्ही कामून रडून राहिल्या?"

"एकटं राहायची सवय मोडली माझी," मी म्हटलं.